भाव कळला, पण मिळाला का?

दसरा उलटला की गोरेगावच्या शिवारात सोयाबीनच्या सुड्या दिसू लागतात. मळणी यंत्राची पाळी आली की दिवसभरात पोती भरतात आणि संध्याकाळी प्रश्न उभा राहतो, माल घालायचा कुठं? सेनगाव तालुक्यातल्या या गावाला हिंगोलीचा मोंढा आहे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की रिसोड आणि वाशीम आहे, आणि दारात येऊन माल उचलणारा व्यापारी तर आहेच. सगळ्या मोंढ्यांचे भाव दुपारपर्यंत मोबाइलवर येतात. तरीही मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखी इथलीही पुष्कळ पोती गावातल्याच काट्यावर चढतात. दुसरीकडे शे-दोनशे रुपये जास्त मिळतात हे माहीत असून शेतकरी हलत नाही, याला मुंबई-पुण्यातले लोक कधी अडाणीपणा म्हणतात, कधी आळस. त्यामागे काय आहे याचा शोध ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांतल्या लोकांनी घेतला आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम महाराष्ट्रातल्याच गावांत झालं.

गोरेगाव राज्याच्या बातम्यांत आलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या वर्षी ऑगस्ट जवळपास कोरडा गेला, पाठोपाठ सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, आणि गावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला आपले अवयव विकायला काढल्याचं पत्र थेट मुख्यमंत्र्यांना धाडलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी हळहळीच्या सुरात छापली. सोयाबीनच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तिच्यात एक सरळ हिशोब दिसतो. हे पीक विकलं जातं जगाच्या भावाने आणि पिकवलं जातं गावच्या पावसावर, उधारीवर. मधल्या साखळीत तेल गिरणी आहे, पेंड निर्यातदार आहे, पामतेल आयात करणारा आहे. नफा-तोटा या साखळीत कुठं मुरतो, हा आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या अभ्यासाचा विषय आहे. निदान असायला हवा.

पूर्वी तो तसा नव्हता. कॅनडाच्या स्टीफन हायमरने १९६० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रबंध लिहिला, त्यात प्रश्न होता की कंपनी परक्या देशात जाऊन कारखाना का काढते. पुढची चाळीसेक वर्षं ही ज्ञानशाखा बहुतेक याच प्रश्नाभोवती फिरली: कंपनी बाहेर कशी जाते, कशी टिकते, किती कमावते. ती ज्या गावात पोचते तिथल्या लोकांचं काय होतं, हा प्रश्न समाजशास्त्राच्या खात्यावर ढकलला जायचा. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. पाठोपाठ २०१७ मध्ये पीटर बकली, जोनाथन डो आणि मिर्को बेनिश्के यांनी या विषयाच्या मुख्य नियतकालिकात उघडपणे लिहिलं की आता हवामान, गरिबी, विषमता असे मोठे प्रश्न हाती घेतले पाहिजेत. त्यानंतर अशा शोधनिबंधांचा पूर आला. त्यातले पुष्कळ, माझ्या मते, कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचून लिहिलेले आहेत. अहवालात सगळ्याच कंपन्या पुण्यवान असतात. मला महत्त्वाचे वाटतात ते थोडे लोक, जे अहवाल बाजूला ठेवून काट्यापर्यंत चालत गेले.

सुरुवात सोयाबीनपासूनच करू. ऑक्टोबर २००० पासून आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशातल्या गावांमध्ये ई-चौपाल नावाने संगणक बसवायला घेतले. गावातलाच एखादा शेतकरी त्याचा संचालक. तो सकाळी मंडीचा भाव सांगे आणि त्याबरोबर कंपनी स्वतः काय दर देईल तेही सांगे. शेतकरी मूठभर सोयाबीन नमुना म्हणून दाखवी, संचालक दराची चिठ्ठी देई. पटलं तर ती चिठ्ठी घेऊन कंपनीच्या गोदामावर जायचं, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, पैसे रोख आणि वाहतुकीचा खर्च वेगळा. नाही पटलं तर मंडी होतीच.

मिशिगन विद्यापीठातले सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ई-चौपालला मानाचं पान दिलं. गरिबांना ग्राहक मानून कंपन्यांनी त्यांच्यापर्यंत पोचावं, नफाही होईल आणि गरिबीही हटेल, असा त्यांचा सिद्धांत. त्यांच्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या अनिल कर्णानी यांनी २००७ मध्ये त्याला मृगजळ म्हटलं. गरिबाला शाम्पूची पुडी विकून त्याची गरिबी जात नाही, तो जे पिकवतो ते विकत घ्या, हे त्यांचं म्हणणं. गंमत अशी की ई-चौपालचा दाखला पुढे कर्णानींच्याच बाजूने जास्त बोलला.

तो बोलता केला अपराजिता गोयल यांनी. वेगवेगळ्या जिल्ह्यांत संगणक वेगवेगळ्या महिन्यांत पोचले, याचा उपयोग करून त्यांनी मध्य प्रदेशातल्या मंड्यांचे भाव आधी आणि नंतर असे ताडून पाहिले. २०१० मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: ई-चौपाल पोचलेल्या जिल्ह्यांत मंडीतला सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्के वाढला आणि सोयाबीनखालचं क्षेत्र सुमारे १९ टक्के वाढलं. वाढ मंडीत झाली, हे ध्यानात घ्यायला हवं. ज्याने आयटीसीला एक दाणाही विकला नाही त्यालाही थोडा फायदा झाला, कारण समोर दुसरा गिऱ्हाईक उभा असल्याचं मंडीतल्या व्यापाऱ्याला कळलं होतं.

आता महाराष्ट्रात या. २००७ मध्ये रॉयटर्स या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने आपल्या राज्यात रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा सुरू केली. वर्गणी भरली की मोबाइलवर मराठीतून संदेश येत: तुमच्या पिकाचा जवळच्या बाजारातला भाव, पावसाचा अंदाज, फवारणीचा सल्ला. कल्पना उत्तम, आणि अनेक ठिकाणी तिचं कौतुकही झालं. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थतज्ज्ञांनी ती तपासायचं ठरवलं. महाराष्ट्रातली १०० गावं घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे हुशार किंवा सधन शेतकरी एकाच बाजूला गोळा व्हायला नकोत. टोमॅटो, कांदा, डाळिंब, गहू आणि सोयाबीन अशी पाच पिकं होती.

२०१२ मध्ये निकाल छापून आला. संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल असा फरक नव्हता. पावसाने होणारं नुकसान कमी झालेलं नव्हतं. पीकपद्धतीही बदललेली नव्हती. शेतकरी मात्र सांगत होते की आम्ही संदेश वाचतो आणि त्यावरून निर्णयही घेतो. लोकांना सेवा उपयोगी वाटत होती आणि खिशात फरक पडत नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. नुसत्या मुलाखती घेऊन कुणी अभ्यास केला असता तर ही सेवा यशस्वी ठरली असती आणि परिषदांमधून तिचे फोटो झळकले असते. ‘काही फरक पडला नाही’ असं छापायला संशोधकाला धीर लागतो, आणि ते छापणारं नियतकालिकही लागतं.

सोयाबीन तेच, भावाची माहितीही तशीच, मग मध्य प्रदेशात फरक पडला आणि इथं का नाही? पद्धती वेगळ्या, गावं वेगळी, तेव्हा दोन अभ्यास सरळसोट एकमेकांशेजारी ठेवणं धोक्याचं आहे. तरी माझं उत्तर असं: ई-चौपालच्या पडद्यामागे पैसे घेऊन एक गिऱ्हाईक उभा होता. संदेशामागे कुणीच नव्हतं. केरळातला अभ्यासही याला दुजोरा देतो. रॉबर्ट जेन्सन यांनी कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या किनाऱ्यावर मोबाइल आल्यावर मासेबाजाराचं काय झालं ते पाहिलं. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, ग्राहकाचा भाव ४ टक्के उतरला, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली. पण तिथं भाव कळला तेव्हा नाव समुद्रात होती. सुकाणू फिरवलं की दुसरं बंदर.

गोरेगावच्या शेतकऱ्याचं सुकाणू कुणाच्या हातात असतं? ऑक्टोबरात त्याच्यासमोर एकदम चार देणी उभी राहतात. कृषी केंद्रातलं बियाणं, खत आणि फवारणीची उधारी. मळणीवाल्याचे आणि सोंगणीच्या मजुरांचे पैसे, तेही रोख. हरभरा पेरायचा म्हणजे ओल उडायच्या आत बियाणं घरात हवं. वर दिवाळी. बँकेचं पीककर्ज मार्चमध्ये नवं-जुनं करून घेता येतं, पण मजुराला नवं-जुनं सांगता येत नाही. त्यातही बऱ्याच ठिकाणी उधारी देणारा आणि माल घेणारा एकच असतो. अशा वेळी रिसोडला दीडशे रुपये जास्त आहेत हे कळून उपयोग किती? तिथं न्यायला टेम्पो हवा, चार पोत्यांसाठी टेम्पोचं भाडं परवडत नाही, आणि नेलंच तर काट्याजवळचा माणूस पोत्यात हात घालून मूठ बाहेर काढतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि म्हणतो, हवा जास्त आहे. सोयाबीनच्या व्यवहारात हवा म्हणजे ओलावा. हमीभावाच्या खरेदीला तो १२ टक्क्यांच्या आत लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के केली. त्या वर्षी हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात सोयाबीन ४,००० च्या आसपास घुटमळत होतं. हमीभाव काय आहे हे न कळलेला शेतकरी त्या हंगामात शोधून सापडला नसता.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या दुकानाकडून, वेगळ्या प्रकारचं संशोधन आलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसं मेली. त्यांतली बहुतेक परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवत होती. पण त्याच्या आधीच, २००७ मध्ये, एमआयटीच्या रिचर्ड लॉक आणि सहकाऱ्यांनी नाइकीच्या ५१ देशांतल्या ८०० हून अधिक पुरवठादार कारखान्यांच्या तपासणीच्या नोंदी मिळवून पाहिल्या होत्या. नुसत्या तपासण्यांनी फारसं काही बदलत नाही, असं त्यांना आढळलं. ज्या कारखान्यांना कामाची आखणी नीट करायला मदत मिळाली, मागणी ऐन वेळी फिरवली गेली नाही, तिथं कामगारांची स्थिती सुधारली. म्हणजे रोगाचं मूळ काही अंशी खरेदीदाराच्या ऑर्डर देण्याच्या पद्धतीतच होतं, आणि तपासनीस मात्र कारखान्याची संडासं मोजत होता.

प्रमाणपत्रांचंही तसंच. कापसासाठी बेटर कॉटन नावाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. कमी पाणी, कमी विषारी फवारणी अशा त्याच्या अटी. नेदरलँड्समधल्या वॅगनिंगेन विद्यापीठाने २०१९ ते २०२२ या काळात नागपूर आणि शेजारच्या तेलंगणातल्या आदिलाबाद भागात त्याचा अभ्यास केला. कार्यक्रमातल्या शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरचा खर्च बराच घटलेला आढळला आणि नागपूरकडे भावही सुमारे १३ टक्के जास्त मिळालेला दिसला. हे चांगलं आहे, आणि या कार्यक्रमात जादा भावाची हमी नसते हे लक्षात घेता जास्तच चांगलं. याउलट ग्वाटेमालातल्या कॉफीवर अॅलेन द जान्व्री आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. तिथं ‘फेअर ट्रेड’च्या शिक्क्याला जादा दराची हमी होती, म्हणून शिक्का घ्यायला इतक्या सहकारी संस्था धावल्या की शिक्क्याच्या कॉफीला गिऱ्हाईक अपुरं पडू लागलं. माल थोडाच जादा दराने जाई, शिक्क्याची फी मात्र सगळ्या मालावर भरावी लागे, आणि काळाच्या ओघात लाभ जवळजवळ शून्यावर आला. सेंद्रिय हळदीचा शिक्का घ्यायला निघालेल्या आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ही ग्वाटेमालाची गोष्ट नक्की वाचावी.

शिक्का पोचतच नाही अशी एक जागा मराठवाड्यात आहे, ती म्हणजे ऊसतोड. कारखाना करार करतो मुकादमाशी, मुकादम उचल देतो जोडप्याला, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाईची मजुरी तिच्या हातात वेगळी पडत नाही. कामगार कुणाचा, असं विचारलं तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि साखर घेणारी कंपनी कारखान्याकडे. बीड जिल्ह्यात सरकारी समितीने २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टच्या पत्रकारांनी हा धागा पेप्सी आणि कोका-कोलासारख्या कंपन्यांना जाणाऱ्या साखरेपर्यंत नेला. इथं विद्यापीठांच्या आधी पत्रकार पोचले, हे नोंदवायला हवं.

हिंगोलीच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास मात्र हळदीचा आहे, आणि तो बांगलादेशातला आहे. हिंगोलीत संत नामदेवांच्या नावाचं हळदीचं मार्केट यार्ड आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून पॉलिश करतात ती बाजारात रंग उठून दिसावा म्हणून. सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याची नजर आधी कांडीच्या रंगावर जाते. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुराने हळद काळवंडली तेव्हा काहींनी पॉलिश करताना पिवळा रंग घालायला सुरुवात केली. तो होता लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग. पुढे गर्भवती बायकांच्या रक्तात शिसं सापडू लागलं आणि ते कुठून येतं ते कळेना. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि बांगलादेशी सहकाऱ्यांनी शिशाच्या घडणीवरून त्याचा माग आधी हळदीपर्यंत, आणि मग हळदीच्या गिरणीपर्यंत नेला. त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही, ग्राहकाला नुसती पत्रकं वाटली नाहीत. रंग मिसळला जाई त्या नेमक्या जागी सरकारने धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारातच तपासणी सुरू केली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं. संशोधनाने इतका सरळ बदल घडवल्याची उदाहरणं या क्षेत्रात फार नाहीत.

सोयाबीनच्या साखळीत अशी नेमकी जागा कोणती? ‘माहिती’ ही ती जागा नव्हे, हे १०० गावांच्या अभ्यासाने दाखवलं. दुसरं उत्तर केनियातून आलं. मार्शल बर्क, लॉरेन बर्गक्विस्ट आणि एडवर्ड मिगेल यांनी तिथल्या मका पिकवणाऱ्यांना सल्ला दिला नाही, सुगीच्या तोंडावर कर्ज दिलं. हाती पैसे आले, त्यामुळे त्यांनी मका लगेच न विकता ठेवला आणि भाव चढल्यावर काढला. गुंतवणुकीवर सुमारे २९ टक्के परतावा मिळाला. ज्या भागात बऱ्याच जणांना कर्ज मिळालं तिथं सुगीतली भावाची घसरणही कमी झाली, म्हणजे कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यालाही त्याचा लाभ झाला. २०१९ मध्ये हा अभ्यास छापून आल्यावर त्याचा बराच बोलबाला झाला.

आपल्याकडे याच जातीची योजना १९९०-९१ पासून आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम उचलायची, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याज. हिशोब करून पाहा. ४,००० च्या भावाने दहा क्विंटल सोयाबीन ठेवलं तर ३० हजार हाती येतात, सहा महिन्यांचं व्याज होतं ९०० रुपयांच्या घरात. भाव क्विंटलमागे ९० रुपये चढला की व्याज निघालं; हमाली आणि वाहतूक वेगळी. उधारी भागते, हरभरा पेरला जातो, दिवाळी होते. कागदावर यापेक्षा सोपा उपाय नाही. केनियाच्या अभ्यासकांना हिंगोलीच्या गोदामात आणून उभं केलं तर ते खूष होतील.

पण मका आणि सोयाबीन यांत एक फरक आहे. तिथल्या मक्याचा भाव बराचसा तिथलाच बाजार ठरवतो, सुगीत पडतो आणि पेरणीच्या सुमारास चढतो. सोयाबीनच्या भावाला अशी ठरलेली चाल नाही. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन काही दिवस १० हजारांवर गेलं होतं. ते आठवून पुढच्या वर्षी कित्येकांनी माल घरात ठेवला आणि भाव उतरताना बघत बसले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. या दोन्ही निर्णयांच्या वेळी गोरेगावचं पीक तेच, जमीन तीच. शिवाय दिवसांचं गणित पाहा. ऑक्टोबरात गोदामात ठेवलेल्या पोत्यांचे १८० दिवस एप्रिलमध्ये भरतात, आणि जगातला सगळ्यात मोठा सोयाबीन उत्पादक असलेल्या ब्राझीलचं नवं पीक बाजारात येतं ते जानेवारी ते एप्रिलमध्येच.